आडी अठराचा दोर

दोर देताना मी एकच अट घातली होती. आडी अठराच्या आधी तो परत घरी आला पाहिजे.

आडी हा तमिळ महिना, आपल्या आषाढ-श्रावणात अर्धा-अर्धा पसरलेला. त्याच्या अठराव्या दिवशी इकडे पाण्याची पूजा करतात. नदीकाठचे लोक नदीवर जातात. मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये नदी नसल्यामुळे लोक नळाला हळदकुंकू लावतात, आणि ज्यांच्या इमारतीमागे अजून विहीर आहे ते विहिरीला. आमच्या इमारतीमागे आहे. सहा फ्लॅटांची ही जुनी इमारत पाडून तिथे मोठी बांधायची, असा ठराव सोसायटीने केला आणि विहिरीवर गाड्या उभ्या करायचं नकाशात ठरलं. आडीत कोणी नवं काम सुरू करत नाही, त्यामुळे बिल्डर महिना संपायची वाट बघत होता. श्रद्धेचा मला झालेला हा एकमेव व्यावहारिक फायदा. तर, यंदाचं आडी अठरा हे त्या विहिरीचं शेवटचं होतं, आणि त्या दिवशी तो दोर विहिरीत शेवटचा सोडायचा, एवढंच माझ्या मनात होतं. याहून मोठं काही नव्हतं.

दोर माझ्या बायकोचा. ती कुंभकोणमजवळच्या गावातली, तंजावरी मराठी घरातली. मी सोलापूरचा, नोकरीसाठी मद्रासला आलेला. आमचं दोघांचं मराठी एकच आहे असं लग्न जुळवणाऱ्यांनी सांगितलं होतं. तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकल्यावर माझ्या आईला वाटलं की सूनबाई पोथी वाचतेय. त्या पोथीत मधूनच तमिळ शब्द यायचे आणि वाक्य शेवटाला तमिळ चालीवर वर चढायचं. पुढे आमच्या भांडणांत मी नेहमी हरलो, कारण तिच्या ‘कोठें’ आणि ‘कशास’पुढे माझं सोलापुरी मराठी उगाचच उद्धट वाटायचं.

आडी अठराला तिच्या माहेरच्या बायका काळ्या पोतीबरोबरच हळदीत भिजवलेला एक पिवळा दोरा गळ्यात बांधायच्या, तमिळ शेजारणींसारखा. मागच्या वर्षीचा दोरा काढून कावेरीत सोडायचा. लग्नानंतरची पहिली आडी माहेरी झाली, आणि मद्रासमधल्या पहिल्या आडीला तिने तो काढला, हातात धरला आणि मला विचारलं की आता हा सोडायचा कोठें. मी म्हटलं, इथेही नद्या आहेत, कूवम आहे, अडयार आहे. कूवमची महती तिला तोवर नाकाने कळलेली होती.

“नदी येथें नाहीं,” ती म्हणाली. “विहीर तरी आहे कीं.”

पण विहिरीचं पाणी सहा घरं वापरत होती, त्यात दोरा कसा टाकणार? मग तिने बाजारातून काथ्याचा नवा दोर आणवला. त्याला बादली बांधून आम्ही तो कप्पीवरून विहिरीत सोडला. बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला तसं तिने मला दोर कठड्यापाशी घट्ट धरून ठेवायला सांगितलं, आणि माझ्या मुठीला लागून, दोराच्या पिळात, तो पिवळा दोरा बांधून टाकला. दोराचं एक टोक पाण्यापर्यंत पोचतंय, म्हणजे दोरा पाण्याला दिल्यासारखाच झाला, असा तिचा हिशेब. मी म्हटलं, हा देवाला फसवायचा प्रकार आहे. ती म्हणाली, देवाला भूगोल कळतो.

तेव्हापासून दरवर्षी हेच. मी एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात दोर धरून उभा राहायचो, ती बांधायची. एकट्याने होणारं कामच नव्हतं ते. बांधून झालं की दोर वर ओढून दोन दिवस गच्चीवर वाळवायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगायचा. ओला गुंडाळला तर मला ऐकून घ्यावं लागे. इतर कोणत्याही कामाला तो दोर मिळायचा नाही. पुढे विहिरीला मोटर बसली, बोअर झाली, कप्पी गंजली, तरी आडी अठराला हा दोर खाली जायचाच.

त्या दोरावर काय जमा होत चाललंय हे माझ्या लक्षात यायला दहाएक वर्षं लागली. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका दिसायच्या, घरातलं दिसायला वेळ लागायचा. एकदा दोर गच्चीवर लांब पसरलेला असताना मी बघितलं, की दोरे सारख्या अंतरावर नाहीत. काही एकमेकांना चिकटून होते, काही बादलीपासून कितीतरी हात लांब गेलेले. चांगल्या पावसाच्या वर्षीचा दोरा बादलीजवळ, वाईट वर्षीचा लांब. एका कोरड्या वर्षी काथ्याचा दोर पुरलाच नाही, तेव्हा तिने त्याला निळा नायलॉनचा तुकडा जोडला आणि त्या तुकड्यावर बांधला. त्यानंतर गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत सोडायची सक्ती झाली, तेव्हा दोरे पुन्हा काथ्यावर आले. शहर बुडालं त्याच्या पुढच्या आडीचा दोरा जवळजवळ बादलीच्या कडीला होता. मग पुन्हा लांब, लांब, आणि जेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायच्या, त्या वर्षीचा दोरा निळ्या तुकड्याच्या अगदी टोकाशी. मी तिला सांगितलं की तू इथल्या भूजलाचा आलेख काढते आहेस. तिने विचारलं, आलेख म्हणजे काय. मी समजावलं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे कोठल्या वर्षी पाणी कोठें होतें, दोर कशाला बघायला हवा.

असे एकतीस दोरे झाले. दोन वर्षांपूर्वी ती गेली. सवाष्ण गेली, भाग्याची, असं लोक मला येऊन सांगून गेले, जणू त्यात माझंही काही कौतुक होतं. त्यानंतरच्या आडीला मी दोर खिळ्यावरून काढला नाही.

क्युरेटर मुलगी आली ती यंदाच्या उन्हाळ्यात. नुंगंबाक्कममधल्या एका जुन्या बंगल्यात गॅलरी आहे, तिथे पाणी आणि हवामानाच्या संकटावर प्रदर्शन भरणार होतं. मांबलमच्या जुन्या इमारतींतल्या लोकांकडे पाण्याच्या जुन्या वस्तू असतील तर हव्या आहेत, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता, आणि खालच्या मजल्यावरच्या मामींनी परस्पर माझं नाव दिलं. मुलगी पुण्याची, नवरा श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात. मी मराठी आहे कळल्यावर तिने पहिल्या वाक्यातच मला काका केलं. दोर बघून ती खाली जमिनीवर बसली आणि हात न लावता एकेक दोरा बघत गेली, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवतो. बोलायला लागल्यावर मात्र तिने ‘आर्काइव्ह’ हा शब्द सहा वेळा वापरला.

तिला प्रत्येक दोऱ्याचं अंतर मोजून, प्रत्येकाचा जवळून फोटो काढून नोंद करायची होती. कॅटलॉगसाठी. दोन माणसं दिवसभर बसतील, काका, तुम्हाला काही त्रास नाही, असं म्हणाली. मी नको म्हटलं. कारण काय होतं हे मी तेव्हाही स्वतःला नीट सांगितलं नाही. माझ्या बायकोच्या गळ्यातले दोरे कोणीतरी हातमोजे घालून टेपने मोजतंय, त्यांना क्रमांक देतंय, हे चित्र मला हास्यास्पद वाटलं. मी म्हटलं, “दोर तुझ्यासमोर आहे, त्याचं मोजमाप कशाला? दोर हेच मोजमाप आहे.” वाक्य मला आवडलं होतं. तिलाही आवडलं, तिने ते वहीत टिपून घेतलं. मोजायचं राहून गेलं.

भिंतीवरचा मजकूर तिने मला वाचायला पाठवला. इंग्रजीत होता. एका अनामिक गृहिणीच्या देहाने लिहिलेला भूगर्भातल्या जलस्मृतीचा अभिलेख, अशा अर्थाचं काहीतरी. मी तीन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि कळवलं की गृहिणी अनामिक नाही, मला तिचं नाव पाठ आहे. क्युरेटर म्हणाली की नाव नसलं की ती सगळ्यांची होते, काका. आता मीही तिचं नाव इथे लिहीत नाहीये, पण ते तिला चारचौघांत नाव घेतलेलं आवडायचं नाही म्हणून.

उद्घाटनाला गेलो. दालनात मध्यभागी काळ्या दगडाचा एक उथळ हौद होता आणि त्यात काठोकाठ पाणी. त्या कलाकृतीचा विषय पाण्याचा अभाव हा होता. हौद झिरपत होता, म्हणून दर दोन दिवसांनी टँकर यायचा, आणि त्या संध्याकाळीही गेटबाहेर एक उभा होता, त्यामुळे पाहुण्यांच्या गाड्या अडल्या होत्या. एका भिंतीवर मद्रासजवळच्या कोवलम गावातल्या एका कोळ्याचं जुनं जाळं ताणून लावलं होतं आणि मागून लाटांचा आवाज सोडला होता. तो कोळीही आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. भाषणं झाल्यावर काही प्रश्न आहेत का असं विचारलं गेलं. कोणीतरी नद्यांच्या कायदेशीर हक्कांविषयी विचारलं. मग त्याने हात वर केला आणि तमिळमध्ये विचारलं, की जाळं परत कधी मिळणार. लोक प्रेमाने हसले. मी हसलो नाही, कारण मला तेच विचारायचं होतं.

दोर आतल्या खोलीत होता. छताला वेटोळी घालून टांगलेला, खाली निळसर दिवा, जेणेकरून तो पाण्यात बुडाल्यासारखा दिसावा. दिसत होता. मी बादलीकडचं टोक शोधत पुढे झालो, आणि त्याच वेळी एक जोडपं त्याच्याखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढायला लागलं, त्यामुळे मागे सरलो. कोपऱ्यात झाडणारी बाई उभी होती. पन्नाशीची, सैदापेटहून येणारी. गॅलरीच्या गेटसमोर सकाळी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालते ती. लोक पांगल्यावर ती जवळ आली.

“अय्या, हे अम्मांचं?”

हो म्हटलं. कुठल्या अम्मा, तिने विचारलं. कावेरीकडच्या, मी सांगितलं. त्या आता नाहीत, मी एकटाच असतो, हेही सांगितलं. तिने दोराकडे बघून हात जोडले. त्या खोलीत दोराला कोणी काही केलेलं मला पटलं असेल तर तेवढंच.

प्रदर्शन आडी अठराच्या बरंच आधी उतरणार होतं. मग क्युरेटरचा फोन आला. प्रतिसाद फार छान आहे, शाळा येतायत, एक आठवडा वाढवून मिळालाय. दोर आडी सतराला संध्याकाळी नक्की पोचवते, काका. मी हो म्हटलं. ती गोड मुलगी होती, आणि दुसरं म्हणजे, शाळेतली मुलं तो दोर बघतायत हे ऐकून मला बरं वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नसतं.

सतराला दोर आला नाही. हौद रिकामा करताना काहीतरी फुटलं होतं, सगळे त्यात अडकले होते, उद्या, काका, प्लीज. अठराला सकाळी मी विहिरीपाशी गेलो. खालच्या मामींनी कठड्याला हळदकुंकू लावलं होतं, फुलं वाहिली होती. त्यांनी मला चित्रान्न दिलं, लिंबाचा आणि चिंचेचा भात. दोर कुठाय, त्यांनी विचारलं. येतोय, म्हटलं. दुपारी मी दोनदा फोन केला, मग केला नाही.

एकोणीसला सकाळी दार वाजलं. झाडणारी बाई होती. हातात मोठी कापडी पिशवी, दुसऱ्या हातात डबा. क्युरेटरने तिला रिक्षाने पाठवलं होतं, सोबत सही करायचा कागद. मी तिला बसायला सांगितलं, ती दाराजवळच जमिनीवर बसली. पिशवीत दोर पांढऱ्या मऊ कागदात गुंडाळलेला होता, एखाद्या आजारी माणसाला गुंडाळावं तसा. मी कागद काढला. काथ्या, गाठ, निळा नायलॉन. एवढंच. मी दोर एका टोकापासून हातातून फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि परत पहिल्या टोकाला आलो.

“सोडले मी, अय्या,” ती म्हणाली. “एकतीसच्या एकतीस. एकही ठेवला नाही.”

कुठे, एवढं मी विचारलं असावं.

ती सांगत गेली. पहिल्या दिवसापासून तिच्या जिवाला ते बघवत नव्हतं. सवाष्ण गेलेल्या बाईच्या गळ्यातले दोरे, पाण्यात सोडायचे, ते छताला टांगलेले, आणि खाली पोरं-पोरी फोटो काढतायत, कोणी हात लावतंय. अम्मांना तिकडे चैन कशी पडणार? तिला वाटलं, घरात बाई नाही, अय्यांना हे कोण सांगणार. दोर उतरवून मागच्या खोलीत ठेवल्यावर ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिथे बसून दोरे सोडवत होती. तीन दुपारी लागल्या. गाठी फार पक्क्या होत्या. काही जुन्या दोऱ्यांचं नुसतं सूत राहिलं होतं, ते तिने एकेक धागा वेचून काढलं. मग दोर पुन्हा कागदात गुंडाळून ठेवला, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

“कात्री लावली नाही,” ती म्हणाली. तिने मला बोटं दाखवली. दोन नखं तुटली होती.

आडी अठराला तिने रजा घेतली. तिची बहीण कोवलमला दिलेली आहे. मरीना जवळ होती, पण तिथलं पाणी तिला या कामासाठी बरं वाटेना. सकाळच्या बसने ती कोवलमला गेली, बहिणीला घेऊन किनाऱ्यावर पूजा केली, हळद, कुंकू, फुलं, काळे मणी, सगळं रीतसर, आणि केळीच्या पानावर ठेवून दोरे समुद्रात सोडले. पान पहिल्यांदा लाटेबरोबर परत आलं. तेव्हा एका कोळ्याने ते घेतलं आणि होडीतून आत जाऊन सोडून आला.

“समुद्र का?” मी विचारलं.

“अम्मा कावेरीकडच्या म्हणालात ना तुम्ही. कावेरी शेवटी तिथेच जाते.”

मी आयुष्यभर चुका शोधून त्यांना समासात खूण करायचं काम केलं. या तिच्या बोलण्यात मला एकही सापडली नाही. माझ्या बायकोला बत्तीस वर्षांपूर्वी हवं होतं ते नेमकं या बाईने करून दाखवलं होतं. मला जे हवं होतं ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तिचा चेहरा हळूहळू बदलला. माझ्या तोंडावर काय दिसत होतं कोणास ठाऊक.

“चुकलं का अय्या?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडून व्हायला हवं होतं ते काम तू केलंस.”

मग तिने डबा उघडला. दहीभात आणि नारळीभात, बहिणीकडचा प्रसाद. डब्याच्या झाकणात एक नवा पिवळा दोरा होता. पुरुषांनी तो मनगटाला बांधायचा. तिने माझा हात मागितला आणि उजव्या मनगटावर बांधला, तीन गाठी मारून, आणि गाठ सुटते का ते ओढून बघितलं.

कागद माझ्या मांडीवर होता. वस्तू परत मिळाल्याचा. खाली तीन चौकोन: स्थिती उत्तम, बरी, खराब. त्याखाली, काही फरक आढळल्यास तपशील लिहावा, आणि चार रिकाम्या ओळी. त्या चार ओळींत मी खरं लिहिलं असतं तर पुढच्या महिन्यात गॅलरीसमोर कोलम दुसऱ्या कोणीतरी घातली असती. मी ‘उत्तम’वर खूण केली आणि सही केली. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत मी असा कागद कधी पुढे जाऊ दिला नव्हता. दुपारी क्युरेटरचा फोन आला, आभार मानायला. सगळ्यांत जास्त फोटो तुमच्या दोराचे निघाले, काका. तिने काही पाठवलेही. छताची वेटोळी, निळा उजेड, त्यात पिवळे ठिपके. कुठला ठिपका बादलीपासून किती अंतरावर, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ज्या दोन माणसांना मी टेप घेऊन बसू दिलं नाही त्यांची मला त्या वेळी फार आठवण झाली.

संध्याकाळी मी दोर घेऊन विहिरीवर गेलो. एक दिवस उशीर झाला होता, पण पाण्याला पंचांग कुठे असतं? आधी कठड्यावर दोर पसरून उजेडात बघितला. काथ्याच्या पिळात चार-पाच ठिकाणी पिवळट काहीतरी होतं. हळद असेल, नाहीतर काथ्याचाच रंग. प्रूफ वाचताना अशी शंका आली की मी मूळ प्रत मागवत असे.

बादली बांधली. कप्पी ओरडली. दोर हातातून खाली गेला, काथ्या संपला, गाठ गेली, निळा तुकडा सुरू झाला आणि त्यातलाही बराच गेल्यावर खालून आवाज आला. मी मूठ कठड्याला टेकवून घट्ट धरली, नेहमीसारखी. पेपर आणला नव्हता. यंदा पाणी कुठे आहे ते कळलं. ते आधीच्या कुठल्या वर्षापेक्षा खाली आहे की वर, ते सांगणारं आता कोणी नव्हतं. तिला विचारलं असतं तर तिने न बघता सांगितलं असतं.

मनगटावरचा दोरा इथे बांधावा, असं मनात आलं. बत्तिसावा. असं काही केलेलं गॅलरीत फार शोभलं असतं, हेही मनात आलं, आणि तरी बांधावंसं वाटलं. पण तो उजव्या मनगटावर होता आणि उजव्याच मुठीत दोर होता. डाव्या हाताने मी गाठ चाचपली. बाईने तीन मारल्या होत्या, घट्ट. दातांनी ओढून बघितलं, हळदीची चव आली. दोन्ही हात लावायचे तर दोर सोडावा लागला असता, आणि दोर सोडला की जागा गेली.

मी तसाच उभा राहिलो. मामींनी वरून खिडकीतून विचारलं की काही हवंय का. त्या खाली आल्या असत्या, त्यांनी बांधलाही असता. मी म्हटलं, काही नको, मामी. अंधार पडायला लागला, हाताला रग लागली, आणि मग मूठ आपोआप ढिली होत गेली.

दोर वर ओढला. बादलीत तळाला थोडं पाणी आलं होतं, ते कठड्याजवळच्या तुळशीला घातलं. दोर गुंडाळला नाही. ओला होता. गच्चीवर नेऊन वाळत टाकला.